दांडाचं लुगडं

दुसऱ्या बाईचं कापड अंगावर घेतलं की पहिले काही दिवस ते आपलं ऐकत नाही. पोलक्याची बाही तिच्या कोपराच्या जागी वाकते, आपल्या नाही. काखेत तिच्या घामाची अर्धगोल रेघ असते. ती रिठ्यात कितीही भिजवा, ओली झाली की पुन्हा वर येते. लुगडं एकाच गुडघ्यावर विरलेलं दिसलं की समजायचं, ही बाई एक पाय पसरून आणि एक मुडपून जात्यावर बसायची. माझी शाळा चौथीत सुटली, पण जुनी कापडं मला वाचता येतात. आणि खोटं कशाला बोलू, ती वाचता येतात म्हणूनच मला त्यांची भीती वाटते. आवडही तेवढीच आहे. आता या वयात ती काय सुटणार?

माझं माहेर खामगावचं. वडील कापसाच्या जिनात कामाला होते. दिवसभर कापसात वावरायचे, नाकातोंडात कापूस घेऊन घरी यायचे, आणि आम्हा बहिणींच्या अंगावर धड कापड नसायचं. त्यात लढाई सुरू झाली आणि नवं कापड दिसेनासंच झालं. कंट्रोलचा हुकूम नागपूरहून निघायचा आणि आमच्या अंगावर येऊन फाटायचा. मोठ्या घरच्या बायकासुद्धा ठिगळं लावून फिरायच्या, पण त्या चेहरा पाडून फिरायच्या. मला तसलं जमायचं नाही. अहो, अंगावर जुनं असलं म्हणून काय तोंडही जुनंच घेऊन हिंडायचं?

आठवडी बाजारात भांडेवाल्यांच्या ओळीमागे एक म्हातारी मुसलमान बाई जुन्या कपड्यांचा ढीग मांडून बसायची. तिला सगळे खाला म्हणायचे. बोहारणी गावोगाव हिंडून भांड्यांच्या बदल्यात जुनी लुगडी, धोतरं, कोट गोळा करायच्या आणि खालाकडे आणून टाकायच्या. मी त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून बसायची. खाला ओरडायची, "अगे बेटी, ढेर मत बिगाड!" पण चांगलं काही निघालं की तीच मांडीखाली दाबून माझ्यासाठी ठेवायची. तिचा नेम एकच होता. कापड कुठून आलं ते विचारायचं नाही. "किसका था, उससे तेरे को क्या? तेरे पे जंचता क्या, वो देख."

आई ते घरी आणल्यावर कडुलिंबाच्या पाल्यात भिजवायची, दोन उन्हं दाखवायची आणि म्हणायची, "झालं, आता आपलं." मी मान हलवायची. पण मला ठाऊक असायचं की ते अजून आपलं झालेलं नाही.

आता दांड म्हणजे काय ते सांगते, कारण हल्लीच्या पोरींना तो शब्दही माहीत नाही. लुगडं विरतं ते मधोमध, बसण्याच्या जागी. मग तो भाग कापून काढायचा, उरलेले दोन चांगले तुकडे एकमेकांना जोडायचे, त्या शिवणीला दांड म्हणतात. गरिबाघरी सगळीच लुगडी दांडाची असत. सगळ्या बायका तो दांड निऱ्यांत लपवायच्या. मी म्हटलं, लपवायचा कशाला? मी दोन वेगळ्याच लुगड्यांचे तुकडे घ्यायची, एकमेकांना खुलवतील असे, आणि शिवणीवर उलट्या रंगाची पट्टी अशी मारायची की बघणाऱ्याला वाटावं, मागावरूनच असं उतरलंय. आई म्हणायची, "कारटे, लोक हसतील." लोक हसले नाहीत. मागून येऊन विचारायला लागले.

माझ्या लग्नाच्या आधीच्या वर्षी खालाने मांडीखालून एक डाळिंबी लुगडं काढून दिलं. अंग पार गेलेलं, पण पदर अखंड होता. पदराच्या टोकाशी चुलीची ठिणगी पडून जळालेलं एक भोक, आणि त्या भोकावर कुणीतरी पिवळ्या धाग्याने ज्वारीचं कणीस भरलेलं. दाणा न् दाणा वेगळा. मी ते बोटाने चाचपत बसले. रफू करणारी बाई जळालेलं लपवते, आणि हिने ते मिरवलं होतं. मला वाटलं, अगं, ही तर माझीच बहीण! कुठे असेल ही, असंही वाटलं. पण खालाला विचारायचं नव्हतं.

त्या पदराला मी एका हिरव्या लुगड्याचं अंग जोडलं. दांडावर कणसाच्याच पिवळ्या रंगाची बारीक पट्टी. कुणा वकिलाच्या जुन्या कोटाचं साटिनचं अस्तर होतं, त्याचं पोलकं. ते नेसून मी बाजारात गेले तर एक बाई थांबून म्हणाली, "काय वं, इंदुरी हाये काय?" मी म्हटलं, "हाव." खालाने पदराने तोंड झाकून घेतलं.

लग्न ठरलं ते दुसरबीडला, बिजवराशी. रस्त्यावर त्याचं किराण्याचं छोटं दुकान होतं. घरात त्याची आई आणि वारलेल्या पहिलीची एक मुलगी, पाचेक वर्षांची. लग्नात नेसवलेला शालू मामीचा होता, तो मांडवातच घडी घालून परत गेला. कोळशाच्या ग्यासवर चालणाऱ्या मोटारीतून धक्के खात मी सासरी पोचले तेव्हा माझ्या गाठोड्यात मिरवण्यासारखं एकच होतं, ते दांडाचं लुगडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला देवापुढे बसवलं आणि माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक बांधला. टाकावर एका बाईची आकृती. डोळे म्हणजे दोन टिंबं.

"ही थोरली," सासूबाई म्हणाल्या. "तुही बहीणच समज. आजपासून नवं काही नेसायचं असलं त आधी हिच्यापुढं ठेवायचं, हळदकुंकू लावायचं, मंग आपल्या अंगाले लावायचं. नाई त तिचा जीव दुखावते."

दुसरेपणावर दिलेल्या बायकांना हे सगळं ठाऊक असतं. मी मुकाट्याने गाठोड्यातून लुगडं काढलं, टाक हातात धरून त्याच्यापुढे ठेवलं, पदरावर हळदकुंकवाची बोटं लावली आणि मनातल्या मनात म्हटलं, घे बाई, आधी तू नेस.

दारात ती मुलगी उभी होती. ती सरळ आत आली, पदराचं टोक हातात घेतलं आणि न बघता, अगदी न बघता, तिचं बोट त्या कणसावर जाऊन थांबलं.

"हे मायचं हाये," ती म्हणाली.

सासूबाईंनी पदर तिच्या हातातून ओढून उजेडात धरला आणि मटकन खाली बसल्या. "अगं माय वं! कोठून आणलं वं हे?"

मी म्हटलं, "बाजारातून. खामगावच्या."

"मीच देल्लं होतं," त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. "तेरवी झाल्यावर माह्या हातानं बोहारणीले देल्लं. त्याच्या बदल्यात घंगाळ घेतलं. ते काय, न्हाणीत ठेवलं हाये."

त्या घंगाळातल्या पाण्यानेच मी पहाटे आंघोळ केली होती. गळ्यात ती, पुढ्यात ती, अंगाला लागलेलं पाणीही तिच्याच लुगड्याच्या मोलाचं. आणि मी खुळी, तिचंच जुनेर तिला नवं म्हणून दाखवत बसले होते!

शेजारणी जमल्या. एक म्हणाली जाळून टाका, एक म्हणाली नदीत सोडा. पण लढाईच्या दिवसांत अखंड पदर कोण जाळणार? मालक दुकानातून आले, लुगड्याकडे पाहिलं, पटकन दुसरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "कापड हाये. नेसू दे." एवढं बोलून पुन्हा दुकानात गेले. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "ती तुह्या संगंच परत आली. आता तिले कोठं हाकलतं? नेस." म्हणून मी नेसले.

विहिरीवर गेले तर एका बाईच्या हातून कळशी निसटली. मागून मी हुबेहूब थोरली दिसत होते म्हणे. मग वळून त्या बाईचीच माफी मागत हसायची पाळी माझ्यावर आली. त्यानंतर मला सवय लागली, चालताना मागे वळून बघायची. कुणी नसायचं. पण पदर खांद्यावरून सरकायचा, आणि मी डाव्या हाताने तो सावरायची. तसा डाव्या हाताने मी कधीच सावरत नसे. एकदा सासूबाई टक लावून बघत राहिल्या. मी विचारलं, "काय झालं, आत्याबाई?" त्या म्हणाल्या, "काही नाई. तीही डावरी होती."

आणि ती पोट्टी! मी ते लुगडं नेसले की ती यायची. भाकरी थापताना मागून येऊन पदरात शिरायची, कणसावर बोट फिरवत तिथेच झोपायची. मी दुसरं काही नेसलं की दारापाशी उभी राहायची, परक्या गाईकडे बघावं तशी माझ्याकडे बघत. घरात सगळे मला नवी सून म्हणत, म्हणून ती मला नुसतं "नवी" म्हणायची. "नवी, भूक लागली." "नवी, आजीनं बोलावलं." माझ्या सगळ्या कारागिरीचा मी तिच्यासाठी जीव काढला. साटिनचं पोलकं उसवून तिला झगा शिवला, मालकांच्या जुन्या सदऱ्याची कॉलर काढून त्याला झालर लावली. गावातल्या पोरी बघायला आल्या. हिने तो झगा दारात बांधलेल्या कोकराच्या अंगावर घातला. कोकरू छान दिसत होतं, ते सोडा. पण मला रडू आलं.

मला त्या घरात दुसरं काही नको होतं. ते लुगडं अंगावर नसताना त्या पोरीने एकदा माझ्याजवळ यावं, एवढंच पाहिजे होतं. ती यायची नाही. मग मी रोज तेच नेसायला लागले. रात्री धुवायचं, सकाळी दमटच गुंडाळायचं. पोर माझ्या कुशीत असायची आणि मी मेलेल्या बाईवर जळायची. गळ्यातला टाक मधूनच गार लागायचा. मी मनात म्हणायची, काय बघतेस? घे ना तुझी पोर, नाहीतर सोड तरी.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या संध्याकाळी भावाआधी चंद्राला ओवाळायचं असतं. कोर दिसली की अंगावरच्या वस्त्राची एक दशी, म्हणजे काठाचा एक धागा, ओढून काढायचा, चंद्राला वाहायचा आणि म्हणायचं, "जुनं घे, नवं दे." माझ्या माहेरी हे मोठ्या हौसेने व्हायचं. त्या वर्षी तर साऱ्या गल्लीला नवं कापड हवं होतं, तेव्हा बायका चंद्राला अगदी दम दिल्यासारख्या सांगत होत्या, "जुनं घे रे बापा, नवं दे!" हसणं-खिदळणं चाललं होतं.

मी डाळिंबी पदराची दशी काढून पोरीच्या हातात दिली. सासूबाई म्हणाल्या, "म्हण वं पोट्टे, जुनं घे, नवं दे."

ती कोरीकडे बघत राहिली. मग धागा वर धरला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली,

"नवी घे, जुनी दे."

बायका खो खो हसल्या. "उलटं म्हटलं वं! पोट्टीनं उलटं म्हटलं!" सासूबाईंनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि नीट म्हणायला लावलं. तिने म्हटलं नाही. धागा तिने आधीच सोडून दिला होता. ती चुकली नव्हती. तिने मला चंद्राला देऊन टाकलं होतं, आणि बदल्यात आई मागितली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओसरीवर बसून दांड उसवला. माझीच शिवण, बारीक टाक्यांची, जीव ओतून घातलेली. उसवताना एक एक टाका शिव्या दिल्यासारखा तुटत होता. हिरवं अंग मी ठेवलं. डाळिंबी पदराची घडी करून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "हे तुहं. माह्याजवळ येवाची गरज नाई आता." तिने घेतलं आणि खरंच, ती माझ्याजवळ यायची थांबली. पदर पांघरून कोकराशेजारी बसायची. हिरव्या लुगड्याचं अंग कुणाचं होतं ते मात्र मला आजतागायत कळलं नाही. कदाचित तिचीही कुणी पोर असेल.

मग मला हिव भरलं. अंग उडायचं, दात वाजायचे. मालकांनी मेहकरहून कोयनेलच्या गोळ्या आणल्या, त्या कडू जहर गोळ्यांनी कानात घुं घुं सुरू झालं. घरातल्या सगळ्या वाकळा माझ्यावर टाकल्या तरी थंडी जाईना. मी कुणाला काही बोलले नाही, पण मला पक्कं ठाऊक होतं की हे काय आहे. मागणं पोचलं होतं. नवी घ्यायला आले होते. मी छताकडे बघत पडून राहायची आणि वाटायचं, आता सोळा-सतरा वर्षांच्या जिवाला सोडावं की नाही तुम्ही लोकांनी? राग आला होता मला, खूप राग. चंद्राचा, थोरलीचा, त्या पोरीचाही.

एका दुपारी डोळे उघडले तर दारातून डाळिंबी काहीतरी माझ्याकडे येत होतं. जमिनीपासून थोडं वर, हळूहळू. ते अगदी जवळ आलं, माझ्या अंगावर पसरलं आणि गालाला कणसाचे दाणे लागले. मी कशीबशी म्हणाले, "नेऊन राह्यली काय मले?"

"नाई," बारीक आवाज आला. "थंडी वाजते ना तुले."

पदर माझ्यावर नीट अंथरून ती पळत बाहेर गेली. अंगावर जुना उसवलेला झगा होता, हात उघडेच. मी त्या पदराखाली रडत पडले. ताप उतरला तो त्यानंतर. सासूबाईंनी गोळ्यांना श्रेय दिलं, मालकांनी रात्री वाचलेल्या पोथीला. मी कुणालाच दिलं नाही. आणि भाऊबीजेबद्दल आम्ही दोघी कधी एक शब्द बोललो नाही, तेव्हा नाही आणि पुढेही नाही.

ती हळूहळू माझ्याजवळ यायला लागली, पण हाक बदलली नाही. मला पुढे मुलं झाली, ती मला माय म्हणत, ही "नवी"च म्हणायची. लढाई संपली, कंट्रोल उठला, नवं कापड आलं आणि तरी गावच्या बायका माझ्याकडे दांड घालायला यायच्या, आता हौसेने. ती माझ्याशेजारी बसून पट्ट्या कापायची. हात डावा. लग्नाच्या वेळी म्हणाली, "नवी, मायचा पदर तुह्या कोणत्याबी लुगड्याले जोडून दे." मी विचारलं, "नव्या साडीले काऊन नाई?" ती म्हणाली, "नाई. तुह्याले." मी दिला जोडून.

पहिल्या दिवाळीला ती तेच नेसून माहेरपणाला आली. सासूबाईंना तेव्हा दिसत नव्हतं. पायाला वाकली तेव्हा त्यांनी पदर चाचपला, बोट कणसावर गेलं आणि त्या म्हणाल्या, "थोरले, आली काय वं बाई?" मी उंबऱ्यातून बघत होते. नाक, हनुवटी, पदर सावरणारा डावा हात. टाकावरच्या त्या दोन टिंबांत मी इतकी वर्षं जिला शोधत होते, ती समोर उभी होती. जुनी दे, हे तर चंद्राने ऐकलं होतं. मग आता राहिलं काय? नवी घे, एवढंच. राहिली मी.

त्या दिवसापासून भाऊबीज आली की माझं धाबं दणाणतं. हसा हवं तर. ओवाळायचं ताट मी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देते आणि काहीतरी काम काढून घरात जाते. मालक गेले, सासूबाई गेल्या, मुलं पुण्याला गेली. माझं बोलणं त्यांना आता गावंढळ वाटतं, वाटो बापडं. थोरलीची ती पोर, तिचा नवरा गेल्यावर, माझ्याकडेच राहायला आली. दोन म्हाताऱ्या, एक घर. तिचे केस माझ्यापेक्षा पांढरे झालेत आणि अजून सगळ्या गल्लीसमोर हाक मारते, "नवी, गोळी घेतली काय?" नवीन आलेले शेजारी हसतात. या वयात ही नवी कुठली?

या दिवाळीला ताट घ्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं. तिने माझा हात धरून अंगणात नेलं. कोर निघाली होती. तिने स्वतःच्या पदराचा काठ चाचपला, डाव्या हाताने एक धागा ओढायला लागली. बोटं आता वळत नाहीत तिची. बराच वेळ लागला. मी गळ्यातला टाक मुठीत धरून उभी राहिले. तो मी अजून काढलेला नाही.

धागा निघाला. तिने तो वर धरला, माझ्याकडे पाठ फिरवली आणि अगदी हळू, लहानपणी बोलली होती त्याच चंद्राला म्हणाली,

"नवी राहू दे."

मला कमी ऐकू येतं असं तिला वाटतं. वाटू दे.